मतदारसंघांची पुनर्रचना: आकडा सगळे मोजतात, जोडणी कोणी बघत नाही

पनवेलच्या एका वाचकाने विचारलंय: "आमचा जिल्हा रायगड, पण लोकसभेचं मत मावळला. खासदार घाटावरचा, प्रश्न खाडीकाठचे. हे ठरवलं कोणी? येत्या पुनर्रचनेत महाराष्ट्राच्या जागा वाढणार की कमी होणार? आणि सत्तेत असलेले आपल्या सोयीने मतदारसंघ कापून घेतात, यात तथ्य किती?"

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली. मागच्या, म्हणजे २००८ला लागू झालेल्या, पुनर्रचनेच्या वेळी गावनिहाय लोकसंख्येचे तक्ते तयार करणाऱ्यांत मी होतो. त्यामुळे उत्तराची सुरुवात घटनेच्या कलमांपासून न करता त्या तक्त्यांपासून करतो.

आधी तुमचं मावळ. यामागे कारस्थान नाही, सहाचा पाढा आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक लोकसभा मतदारसंघ होतो. मागच्या पुनर्रचनेत एक नियम पाळला गेला: विधानसभा मतदारसंघाने जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. लोकसभेला मात्र ती मोकळीक होती. आता कोकणाचा हिशेब मांडा. सिंधुदुर्गाला तीन जागा आल्या, रत्नागिरीला पाच, रायगडला सात. एकूण पंधरा, म्हणजे अडीच खासदार. सिंधुदुर्गाच्या तिन्ही जागांना चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर जोडून एक मतदारसंघ झाला. रत्नागिरीच्या उरलेल्या दापोली आणि गुहागर रायगडच्या महाड, श्रीवर्धन, अलिबाग, पेण यांना जोडल्या, दुसरा झाला. शिल्लक राहिल्या पनवेल, कर्जत आणि उरण.

या तिघी जाणार कुठे? उत्तरेला ठाणे जिल्ह्यात तेव्हा चोवीस जागा आल्या, म्हणजे पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे बरोब्बर चार मतदारसंघ. मुंबईच्या छत्तीस, म्हणजे बरोब्बर सहा. तिथे शिरकाव नाही. पूर्वेला पुणे जिल्ह्यात एकवीस जागा: पुणे, बारामती आणि शिरूर यांच्या अठरा गेल्या की मावळ, चिंचवड, पिंपरी या तीन उरतात. तीन इकडच्या, तीन तिकडच्या. मध्ये बोरघाट आहे ही गोष्ट बेरजेला कळत नाही. तुमचा मतदारसंघ असा जन्माला आला.

राज्यभर हेच दिसेल. माढा लोकसभेत फलटण आणि माण हे साताऱ्याचे भाग आहेत. हातकणंगल्यात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा. उस्मानाबादेत सोलापूरची बार्शी, लातूरचं औसा. हिंगोलीत विदर्भातलं उमरखेड. गडचिरोली-चिमूरमध्ये तर गोंदियाचं आमगाव एका टोकाला आणि तेलंगणाच्या हद्दीवरचं अहेरी दुसऱ्या टोकाला. जिल्ह्याच्या जागांना सहाने भागून जी बाकी उरते ती शेजाऱ्याकडे जाते, आणि अशा उरलेल्या तालुक्याचं राजकीय वजन घटतं. जिल्हा नियोजन समिती एका गावी, खासदाराचं घर दुसऱ्या जिल्ह्यात. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत उमेदवार कोणत्या बाजूला तळ ठोकून बसतो तेवढं बघा, उपरा कोण ते कळेल.

आता हे अधिकृतपणे ठरवतं कोण. २००२च्या कायद्याने परिसीमन आयोग, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखणारा आयोग, नेमला गेला, अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग. सोबत केंद्रीय निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. प्रत्येक मोठ्या राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून घेतले जात. त्यांना बोलता येत होतं, मतभेद नोंदवता येत होते, मत देता येत नव्हतं. सरासरी लोकसंख्येपेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालेल, तलाठी सजा (एका तलाठ्याकडची गावं) शक्यतो फोडायचा नाही, क्रमांक वायव्येकडून सुरू करून आग्नेयेकडे न्यायचे, अशा सूचना होत्या. म्हणूनच आपल्याकडे विधानसभेचा पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आणि २८८वा जतचा. आयोगाचे आदेश १९ फेब्रुवारी २००८ला अंमलात आले. त्यावर पहिली निवडणूक त्याच वर्षी कर्नाटक विधानसभेची झाली आणि २००९ची लोकसभा नव्या नकाशावर लढली गेली. आदेश संसदेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवला जातो, पण त्यात काना-मात्राही बदलता येत नाही.

त्या नकाशाने काय केलं, हे महाराष्ट्रात ज्यांनी २००९ पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापूरमधून लोकसभेत जात, तो लोकसभा मतदारसंघ नावासकट गेला. कराड गेला, खेड गेला, इचलकरंजी, कोपरगाव, पंढरपूर, कुलाबा, एरंडोल, वाशीम, सगळे गेले. खेडचे शिवाजीराव आढळराव शिरूरला गेले आणि टिकले. रत्नागिरीचे अनंत गीते रायगडात गेले आणि टिकले. राजापूरचे सुरेश प्रभू नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात पडले. नव्याने निघालेल्या माढ्यातून शरद पवार स्वतः उभे राहिले आणि बारामती सुप्रिया सुळ्यांकडे गेली. जुना मतदारसंघ मोडला की वीस-पंचवीस वर्षांत जमवलेलं सोसायट्या, दूध संघ आणि कारखान्यांचं जाळं अर्धं बाहेर राहतं. उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्याचं जाळं आधीच असतं. दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते, किंवा एकाच पक्षात दोन गट तयार होतात. २००९च्या बंडखोऱ्यांकडे या नजरेने पाहिलं तर बऱ्याच उलगडतात.

पण माझ्या मते हद्दीपेक्षा जास्त उलथापालथ केली आरक्षणाने. आधी महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी लोकसभेच्या तीन जागा होत्या: बुलढाणा, पंढरपूर, उस्मानाबाद. नंतर पाच झाल्या आणि जुन्या तिन्हींपैकी एकही त्या पाचांत राहिली नाही: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. विधानसभेत १८च्या २९ झाल्या. ही उडी कशाने आली? १९९०मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आणि त्याआधी जे जनगणनेत या रकान्यात धरले जात नव्हते ते पुढच्या मोजणीत आले. म्हणजे एका कायद्याचा परिणाम मतदारसंघांच्या यादीवर उमटायला अठरा वर्षं लागली, कारण मधल्या काळात यादी गोठलेली होती (ती का, ते पुढे येईल).

आरक्षण सरकलं तशी माणसंही सरकली. बुलढाण्याचे आनंदराव अडसूळ अमरावतीला आले आणि निवडून आले. बुलढाण्यातूनच पूर्वी लोकसभेत गेलेले मुकुल वासनिक रामटेकला गेले आणि निवडून आले. पंढरपूरचे खासदार रामदास आठवले शिर्डीला गेले, तिथे हरले. सोलापूर राखीव झाल्यावर सुशीलकुमार शिंदे तिथून लोकसभेत गेले.

सगळ्यात बोलकं उदाहरण अकलूजचं. विजयसिंह मोहिते-पाटलांची सारी ताकद माळशिरस तालुक्यात. माळशिरस विधानसभा राखीव झाली. ते शेजारच्या पंढरपुरातून लढले आणि भारत भालके यांच्याकडून हरले. उपमुख्यमंत्री राहिलेला माणूस, तालुक्यातली एक सोसायटीही हातातून गेलेली नाही, तरी आमदारकी गेली. फलटणही राखीव झालं आणि रामराजे नाईक-निंबाळकरांना विधान परिषदेची वाट धरावी लागली. यावर लोक लगेच म्हणतात, कोणीतरी मुद्दाम केलं. राखीव जागा काढायची पद्धत अशी: अनुसूचित जमातींच्या जागा, जिथे त्यांचं प्रमाण सर्वात जास्त तिथे. अनुसूचित जातींच्या जागा, प्रमाण तुलनेने जास्त असेल तिथे, पण राज्याच्या निरनिराळ्या भागांत वाटून. पहिल्या नियमात वाव जवळजवळ नाही. दुसऱ्यातल्या 'तुलनेने' आणि 'वाटून' या दोन शब्दांत मात्र पुष्कळ जागा आहे. कुठल्या गावांचा गठ्ठा कुठे टाकला यावर मतदारसंघाचा टक्का अर्ध्या-पाऊण अंकाने हलतो आणि यादीतला क्रम बदलतो. तक्ते करताना हे आम्हाला दिसत होतं, आणि पुढाऱ्यांनाही दिसत होतं. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस माझ्याकडे आला तो नकाशाची प्रत मागायला नाही, सजानिहाय जातीच्या लोकसंख्येचा तक्ता मागायला. काय मागायचं ते त्याला नेमकं माहीत होतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत विधिमंडळ स्वतःच मतदारसंघ आखतं. विरोधकांची मतं एका मतदारसंघात कोंबायची किंवा पाच ठिकाणी फोडून टाकायची, हे दोन डाव तिथे उघड खेळले जातात. आपल्याकडे पेन्सिल आयोगाच्या हातात असते, त्यामुळे इतका उघड खेळ होत नाही. खेळ होतो तो आयोगाच्या आधी आणि आयोगाच्या कडेने.

'आधी' म्हणजे काय, याचं उदाहरण आसाम. तिथे पुनर्रचनेसाठी निवडणूक आयोगाने १ जानेवारी २०२३पासून प्रशासकीय हद्दी बदलायला बंदी घातली. आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, राज्य सरकारने विश्वनाथ, होजाई, बजाली आणि तामुलपूर हे चार जिल्हे जुन्या जिल्ह्यांत विलीन केले. मतदारसंघ जिल्ह्याच्या चौकटीत बसवायचा असेल तर चौकट बदलली की आतलं चित्रही बदलतं, आणि आयोगाच्या कागदावर एकही ओरखडा येत नाही. नवा तालुका, नवं महसूल मंडळ, नगरपरिषदेची हद्दवाढ या बातम्या आपण कोपऱ्यात वाचून सोडून देतो. जनगणनेआधी हद्दी गोठण्याच्या सुमाराला अशा बातम्या आल्या तर त्या जरा नीट वाचाव्यात.

'कडेने' म्हणजे लोकसंख्या सोडून इतर निकष किती वजनाचे धरायचे ते. जम्मू-काश्मीरमध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाने २०२२मध्ये विधानसभेच्या ८३च्या ९० जागा केल्या. वाढलेल्या सातपैकी सहा जम्मूत आणि एक काश्मीर खोऱ्यात. नुसत्या लोकसंख्येने असं वाटप झालं नसतं. डोंगराळ, दुर्गम, सीमेलगतचा भाग हे निकष धरल्याने झालं. लोकसभेसाठी अनंतनाग आणि राजौरी एकत्र केले, मध्ये पीर पंजाल. तुमच्या बोरघाटाची तक्रार तिथल्या लोकांना चटकन समजेल. निकष चूक होते असं मी म्हणत नाही, दुर्गम भागाला झुकतं माप असावं असंच माझं मत आहे. पण कुठला निकष किती मोजायचा, हा निर्णय राजकीय परिणाम घडवतो आणि तो बहुधा कोणाच्या लक्षात न येता होतो.

(जाता जाता: महापालिकेची प्रभागरचना किंवा जिल्हा परिषदेचे गट-गण यांची गल्लत इथे करू नका. तो खेळ वेगळा, नियम वेगळे, आणि तिथे राज्य सरकारचा हात फार जवळ असतो.)

आता जागांचा प्रश्न. राज्याराज्यांतलं लोकसभेच्या जागांचं वाटप आजवर १९७१च्या जनगणनेवर चालत आलंय. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते गोठवलं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केलं त्यांच्या जागा जाऊ नयेत हा हेतू. २००१च्या ८४व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. त्यामुळे २००८ला फक्त राज्याच्या आतल्या भिंती हलल्या, त्याही २००१च्या लोकसंख्येवर. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून अधिसूचित झालेली जनगणना या अटीत बसते, म्हणून एवढी चर्चा आहे.

भांडण खरं आहे. २०११च्या आकड्यांवर राजस्थानात एका खासदारामागे सुमारे २७ लाख लोक, उत्तर प्रदेशात २५ लाख, तामिळनाडूत साडेअठरा, केरळात पावणेसतरा. ५४३ जागा तशाच ठेवून नुसत्या लोकसंख्येने वाटल्या तर उत्तर प्रदेश ८०वरून नव्वदच्या आसपास जाईल, तामिळनाडू ३९वरून ३२वर येईल, केरळ २०वरून १५वर. मार्च २०२५मध्ये तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नईत बिगर-भाजप पक्षांची बैठक बोलावली ती याच भीतीने. दक्षिणेची एकही जागा कमी होणार नाही असं अमित शहा म्हणाले आहेत. पण जागा कमी न होणं वेगळं आणि वाटा कमी न होणं वेगळं. सभागृह मोठं केलं तर कोणाचीही जागा कमी न करता वाटा कमी करता येतो.

महाराष्ट्र या भांडणात काठावर आहे. याच हिशेबाने ४८चे ५० होतात. म्हणून आपल्याकडचे पुढारी या विषयावर फारसे बोलत नाहीत, आणि मला ती चूक वाटते. आपला तंटा इतर राज्यांशी नसला तरी घरातला मोठा आहे.

२००८मध्येच विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६वरून ६२वर आल्या, लोकसभेच्या ११वरून १०वर. ठाणे जिल्हा एका झटक्यात १३वरून २४वर गेला. पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज म्हणून २०११ची लोकसंख्या घेऊन आणि २८८ तशाच धरून मी गणित केलं. हा निकाल नव्हे, दिशा आहे, कारण खरं वाटप नव्या आकड्यांवर होईल. एका जागेमागे सुमारे ३ लाख ९० हजार लोक येतात. रत्नागिरी पाचवरून चारवर, सिंधुदुर्ग तीनवरून दोनवर. या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात चक्क घटली होती. विदर्भ ६२वरून ५९च्या आसपास. मराठवाडा ४६वरून ४८. पुणे जिल्हा २१वरून २४. जुना ठाणे जिल्हा, म्हणजे पालघरसकट, २४वरून २८.

आणि मुंबई? इथे लोक चकतात. मुंबई वाढणार असं सगळे धरून चालतात. शहर आणि उपनगर मिळून लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे ३२ जागा. आज ३६ आहेत. मुंबईतला माणूस वसई-विरार, मिरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीकडे गेला, आणि त्याच्यामागून आमदारकीही जाईल.

आता पुन्हा सहाचा पाढा लावा. मुंबईच्या ३२ म्हणजे पाच खासदार आणि दोन जागा शिल्लक. ठाणे-पालघरच्या २८ म्हणजे चार खासदार आणि चार शिल्लक. दोन अधिक चार, सहा. म्हणजे दहिसर किंवा मुलुंडचा नाका ओलांडून एक लोकसभा मतदारसंघ होण्याची शक्यता. पुण्याच्या चोवीस म्हणजे चार पूर्ण, मग मावळला पनवेलची गरज उरत नाही. रायगडच्या सात धरून कोकणच्या तेरा, म्हणजे दोन खासदार आणि एक जागा लटकती. ती कुठली, हा तुमच्या भागाचा पुढचा वाद असेल. लोकसभेच्या जागा वाढल्या तर भागाकार बदलेल आणि हे सगळं पुन्हा मांडावं लागेल, पण पद्धत हीच.

त्यात २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने महिलांचं एकतृतीयांश आरक्षण पुनर्रचनेला बांधून ठेवलं. हद्द, जातीचं आरक्षण आणि महिला आरक्षण असे तीन फासे एकदम पडले तर आजच्या खासदार-आमदारांपैकी आपला मतदारसंघ जसाच्या तसा राहील असं छातीठोकपणे सांगणारा सापडणार नाही. शिवाय महिला राखीव जागा पुढे फिरत्या असतील. माझ्या अंदाजाने पहिल्या फेरीत उमेदवारी घरातल्याच बायकांना मिळेल. ग्रामपंचायतीत हेच झालं होतं, आणि त्यातूनच पुढे काही सरपंच खऱ्या अर्थाने उभ्या राहिल्या.

न्यायालयात दाद मागता येईल का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. मतदारसंघांच्या आखणीत न्यायालयांना हात घालू न देणारं घटनेचं कलम ३२९ आडवं येतं, आणि मेघराज कोठारी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय अंतिम आदेशात हात घालत नसे. २०२४मध्ये गुजरातच्या बारडोलीच्या आरक्षणाच्या प्रकरणात न्यायालयाने दार किंचित किलकिलं केलं: आदेश उघडपणे मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर बघता येईल. एवढ्यावर विसंबून राहू नका.

हाती असलेली खरी संधी एकच: मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत आल्यावर हरकती-सूचनांची मुदत असते आणि नंतर जाहीर सुनावणी होते. मागच्या वेळी आलेल्या हरकतींचे गठ्ठे मी पाहिलेत. नऊ हरकती एकाच छापाच्या: आमच्या गावाची अस्मिता, आमचा इतिहास, आमच्यावर अन्याय, खाली दोनशे सह्या. त्या नोंदवहीत चढायच्या आणि तिथेच राहायच्या. दहावी एखादी वेगळी असायची. एका शिक्षकाने आणलेली मला आठवते. त्याने आपल्या सजातली गावं शेजारच्या मतदारसंघात टाकावीत असं मागितलं होतं. सोबत त्या गावांची जनगणनेतली लोकसंख्या होती, बदल्यात इकडे कुठली गावं घ्यायची त्यांची नावं होती, अदलाबदलीनंतर दोन्ही मतदारसंघांची बेरीज दहा टक्क्यांच्या आत कशी राहते ते होतं, आणि एसटी कुठून कुठे जाते याचं वेळापत्रक. सही त्याची एकट्याची. आमच्या साहेबांनी तो कागद गठ्ठ्यातून काढून वर ठेवला.

पनवेलकरांनी हरकत घ्यायची तर अशी घ्यावी. 'आम्हाला मावळमधून काढा' एवढंच लिहिलं तर समोरचा विचारणार, मग टाकू कुठे, आणि तिथली बेरीज फुगली तर तिथून काढू कोणाला?